बाहत्तर टक्के, अधिक-उणे जवळजवळ शून्य

३ फेब्रुवारी
पंखा फिरला! प्रयोगशाळेतली वाफ बाहेर फेकणारा पंखा. दोन वर्षं प्राचार्यांच्या मागे लागले होते. उद्या ॲस्पिरिनचा प्रयोग. दर वर्षी त्यात लागणाऱ्या ॲनहायड्राईडच्या झोंबऱ्या वाफेनं अख्खा वर्ग ढसाढसा रडतो, जणू निरोप समारंभच. या वर्षी नाही रडणार.

४ फेब्रुवारी
कोणी रडलं नाही! मी सकाळीच सगळी रसायनं छोट्या बाटल्यांत भरून ठेवली होती. सर्दीनं नाक चोंदलेलं, तरी टापटीप म्हणजे टापटीप.

आणि यील्ड! दोन ग्रॅम सॅलिसिलिक ॲसिडची पावडर घ्यायची, तिच्यात ॲनहायड्राईड घालायचं. तिची सगळी ॲस्पिरिन झाली तर हिशेबानं २.६१ ग्रॅम भरायला हवी. प्रत्यक्षात हाती लागतं कमीच — ते किती टक्के, ही यील्ड. गेल्या वर्षी बत्तीसपासून एकशे नऊपर्यंत आकडे होते. (एकशे नऊवाल्यानं ओल्या गाळणकागदासकट वजन केलं होतं. वर म्हणतो, "मॅडम, मेहनत केली.") या वर्षी सगळेच्या सगळे ७१ ते ७३!! सरासरी बाहत्तर, अधिक-उणे फार तर एक टक्का. इतकी कमी अनिश्चितता मी फक्त पुस्तकात पाहिली होती.

वर्गात एक मुलगी आहे, तिला सगळे प्रश्नपेटी म्हणतात. ती म्हणाली, "मॅडम, सगळ्यांचं सारखंच कसं काय?"
म्हटलं, "शिकवणारी चांगली असली की येतं." खरंच असं म्हणाले मी.

५ फेब्रुवारी
घरी अजून बाहत्तरच चालू आहे. सासूबाई म्हणाल्या, "बाहत्तर म्हणजे पहिला वर्गच की गं." नवऱ्याला अधिक-उणे काय ते समजावलं, ती चूकच झाली. आता फोनवर सांगतो, "सातला घरी, अधिक-उणे दोन तास."

७ फेब्रुवारी
प्राचार्यांनी बोलावलं. ते मूळचे इतिहासाचे. आकडा दिसला की आधी मान डोलावतात, मग विचारतात हे कशाचं. म्हणाले, "बारा तारखेला तपासणी समिती येतेय. हाच प्रयोग मांडा. ते खूश झाले तर तुम्हाला कायम करायचं मी स्वतः लावून धरतो."
पाच वर्षं एकेका वर्षाच्या करारावर काढली. दर जूनला कंपासपेटी घेऊन नवीन शाळेत निघालेल्या मुलीसारखी धाकधूक. येत्या जूनला नाही!

८ फेब्रुवारी
तक्ता रंगवला. बाहत्तरचा आकडा जरा जास्तच मोठा झाला. राहू दे.

११ फेब्रुवारी
सर्दी गेली. अक्कल आली.

समितीनं विचारलंच तर तयारी असावी म्हणून अनिश्चिततेची आकडेमोड पुन्हा करत बसले. वजनकाट्याची अधिक-उणे इतकी, गाळणकागदाची इतकी. समोर लिहिलेलं: घातली २.०० ग्रॅम, मिळाली १.८८. आणि पेन थांबलं. पावडरीची ॲस्पिरिन झाली तर वजन वाढतं. मग समजा काहीच झालं नाही — घातली तीच पावडर परत आली, थोडी भांड्याला चिकटून वाया गेली — तर यील्ड किती दिसेल? १.८८ भागिले २.६१.

बाहत्तर.

धावत प्रयोगशाळेत जाऊन फेरिक क्लोराईड काढलं. त्याच्या थेंबानं खऱ्या ॲस्पिरिनला काही होत नाही, मूळ पावडर मात्र जांभळी होते. पहिला नमुना जांभळा. दुसरा जांभळा. सगळा वर्ग जांभळा! कपाट उघडलं तर ॲनहायड्राईडची बाटली सीलबंद, हात न लावलेली. चोंदलेल्या नाकानं मी भरलं होतं ते शेजारचं साधं ॲसेटिक ॲसिड, त्यानं पावडरीचं काहीच होत नाही. रडणार कसे बिचारे! पंख्याचा काही संबंधच नव्हता.

नवरा म्हणाला, "इतका नीट आकडा आहे, कोण विचारतंय?" सासूबाई म्हणाल्या, "आपलं पितळ आपणच कशाला उघडं पाडायचं?" दोघांचंही खरं आहे. ॲनहायड्राईड घालून पुन्हा करायला वेळ नाही, नमुने तेच मांडायचे. गप्प बसले तर कायम. आणि प्रश्नपेटी? ती उद्या पहिल्याच रांगेत असणार. मला रडू येतंय, तेही वाफेशिवाय.

१२ फेब्रुवारी
समितीनं तक्ता पाहिला. वाहवा झाली. अध्यक्षबाईंनी "बाहत्तर" लिहूनसुद्धा घेतलं. मग मीच म्हणाले, "हे सगळं चूक आहे. चूक माझी. मुलांची नाही. दाखवते," आणि नमुन्याच्या नळीत फेरिक क्लोराईडचा थेंब टाकला. नळीत गर्द जांभळं. अध्यक्षबाईंनी बाहत्तरवर काट मारली. प्रश्नपेटीनं पहिल्या रांगेतून मान पुढे काढून नळी पाहिली.
टाळ्या वाजवल्या फक्त प्राचार्यांनी. म्हणाले, "वा, काय सुंदर रंग आलाय!"