तपासनिसांचा कान

ता. ३ मार्च

चि. सौ. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या आग्रहाखातर धंदेवाल्यांच्या आजारपणाच्या मदतीसाठी अर्ज केला. पस्तीस वर्षं दुकानात लोकांच्या दाढ्या केल्या, वर्गणी भरली, कुणापुढे हात पसरला नाही. आता तोच हात थरथरतो म्हणून पसरायचा. कचेरीतल्या खिडकीवरच्या बाईंनी मालकाचा दाखला मागितला. मालक मीच, म्हटलं. तर म्हणाल्या, मग तुम्हीच स्वतःला लिहून द्या की तुम्हाला काम जमत नाही. दिलं बापडं लिहून.

मंगळवारी तपासनीस घरी आले. दुकान बंद केल्यापासून तिथली खुर्ची पुढच्या खोलीत आहे. बसायला दुसरं काही नाही, म्हणून ते तिच्यातच बसले. ते विचारत होते, मी सांगत होतो, आणि मला कळायच्या आत माझ्या हातांनी त्यांच्या गळ्याभोवती फडकं बांधलं. खुर्चीत बसलेला माणूस तसाच उठवायचा नाही, हा बाबांचा दंडक तुला ठाऊक आहे. त्यांनीही मान पुढे केली. मानेवरचे केस काढताना वस्तरा कानाला लागला. रक्त आलं, तुरटी लावली. फुकटात झालं म्हणून स्वारी खुशीत गेली.

काल कागद आला. अर्जदार प्रत्यक्ष व्यवसाय करताना आढळला, सबब नामंजूर. कानाचं अक्षरही नाही. मदत मिळाली नाही तर ही भाड्याची जागाही सोडावी लागेल. मला त्यांची किळस आली, आणि फडकं बांधणाऱ्या माझ्या हातांचीही.

माया आहेच, ती राहू दे.
तुझा
दादा

ता. ९ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं अक्षर लावायला अर्धा तास गेला आणि लागल्यावर डबा खाववेना. शी! फुकट मान करून घ्यायची आणि तीच पुराव्याला लावायची! वकिलांकडे वीस वर्षं टाइप करतेय, पण इतका निर्लज्ज कागद हाताखालून गेला नव्हता. आणि तूही धन्य आहेस. माझ्या लग्नात नवरदेवाच्या मामांचे कल्ले मांडवातच सारखे केले होतेस, ते आठवलं.

आमच्या साहेबांनी कलम काढून दाखवलं. नेहमीचं काम सुरक्षितपणे जमत नसेल तर मदत द्यावीच लागते. एकदा हात चालला म्हणजे धंदा चालला असं होत नाही. अपील टाइप करून सोबत पाठवलंय, त्यात कान ठळक घातलाय. खाली सही कर, सुनावणीला जा, वस्तरा बरोबर ने. आणि तिथे ऐट नको. हात थरथरला तर थरथरू दे, खिशात लपवू नकोस.

वहिनीला नमस्कार. बोलले ते पोटतिडकीने, राग मानू नये.
तुझी
धाकटी

ता. २७ मार्च

चि. सौ. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

सुनावणी झाली. टेबलापलीकडे तिघे, बाजूला आपले तपासनीस, कानावर अजून वण. मोठे साहेब म्हणाले, हात तसा बरा दिसतोय, हलकंसं काम जमेल. मी वस्तरा उघडला आणि म्हटलं, मग बसा, दाढी करून देतो. कुणी जागचं हललं नाही. तपासनिसांचा हात तर थेट कानावर गेला. मला वाटलं, जिंकलो. तुझ्या वहिनीला मी जिन्यातूनच ओरडून सांगितलं.

आज निकाल आला. हाताबद्दल एक शब्द नाही. अपिलावरची सही पस्तीस वर्षांपूर्वीच्या नोंदणीतल्या सहीशी जुळत नाही, त्यामुळे अपील अर्जदाराचेच आहे असे मानता येत नाही. तसाच धावत गेलो, अंगठा देतो म्हटलं. बाई म्हणाल्या, अंगठा निरक्षरांचा घेतात, तुम्हाला लिहिता येतं. घरी येऊन चार चुळा भरल्या तरी तोंडाचा कडूपणा जात नाही.

महिनाअखेर जागा सोडतोय. तुझ्याकडे आम्ही दोघं आलो तर चालेल का? खुर्ची आणणार नाही.

हे पत्र मी सांगतोय आणि तुझी वहिनी लिहितेय. सही मात्र हट्टाने मीच केली, तीनदा पेन सुटलं. नीट बघ, आणि ती तुझ्या दादाचीच आहे ना, तेवढं उलट टपाली कळव.

तुझा
दादा