चातुर्मासात सोडलेली गोळी

मुक्काम ग्लासगो

आई,

नमस्कार शेवटी करीन, आधी रागावून घेते. छायावहिनी फोनवर म्हणाली, चातुर्मास म्हणून तू कॅन्सरची गोळी सोडलीस! अगं, सोडायचं असतं ते वांगं!

गाठ काढली तरी एखादी चुकार पेशी अंगात उरलेली असू शकते. लॅबमध्ये रोज बघते मी. हार्मोन मिळालं की तिच्यातली प्रथिनं जागी होतात, तिला पाय फुटतात नि बांधात खेकडा घुसावा तशी ती पुढे घुसते. ते हार्मोन अडवायलाच ती गोळी.

खरं सांग, गोळीनं गुडघे दुखतात म्हणून सोडलीस का गं? मग कर्जतच्या डॉक्टरांना सांग, देवाला कशाला मध्ये आणतेस?

गोळी परत सुरू केल्यानं तुझा नेम मोडू नये म्हणून तुझ्या वतीनं वांगं मी सोडलंय. कार्तिकात घरी आले की तुझ्या हातच्या भरितानं नेम सोडीन. भरीत करायला तू हवीस.

पाया पडते.
माधवी