पंचवीसपैकी सहा

ता. ३ फेब्रुवारी

चि. भाऊस,
अ. उ. आ.

गावच्या कचेरीच्या फळ्यावर रस्त्यांची यादी लागली. जिल्ह्याकडे यंदाही अकराच रस्त्यांपुरता पैसा आहे आणि आपला ओढ्यावरच्या मोरीपासून वस्तीपर्यंतचा रस्ता यंदाही बारावा. सलग तिसरं वर्ष. एकदा बारावा आला तर नशीब म्हणावं, दोनदा आला तर योगायोग. तिसऱ्यांदा आला की पाणी कुठेतरी मुरतंय असंच मी म्हणणार, आणि तू रस्ते विभागात इंजिनियर आहेस म्हणून तुझ्यापाशीच म्हणणार.

गुणांचा तक्ता मी उतरवून आणला. गाड्यांची मोजणी, वस्ती, शाळा-दवाखाना आणि शेवटी रस्त्याची दुरवस्था, पंचवीस गुणांची. रस्ता जितका वाईट तितके गुण जास्त. बावीस वर्षं गणित शिकवलं, पण अशी परीक्षा पाहिली नाही. माझ्या वर्गातल्या कित्येकांचं कल्याण झालं असतं. आणि आपल्या रस्त्याला पंचवीसपैकी सहा! हे परवा त्याच रस्त्यावर घोट्यापर्यंत खड्ड्यात गेले, त्यांना विचार सहा म्हणजे काय ते.

आई बरी आहे. मंगळवार-गुरुवारचं डायलिसिस चालू आहे. तुझी आठवण काढते आणि तुझ्या दोन खोल्यांपर्यंतच्या तीन जिन्यांना नावं ठेवते.

लोभ आहेच, तो तरी उखडू देऊ नकोस.

तुझी,
ताई

---

ता. ९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. निवृत्त झालीस तरी लाल पेन हातातून सुटलेलं दिसत नाही. अगं, गाड्यांवरच्या करातून जिल्ह्याला जो वाटा मिळतो, त्यातला निम्मा पूल आणि मोऱ्या खाऊन टाकतात. उरलेल्यावर एकशे चाळीस रस्ते आ वासून बसलेले. कुणीतरी बारावा येणारच. अकराव्याला सत्तर गुण आहेत, आपल्याला एकसष्ट, इतकं साधं आहे. मोजणीच्या आठवड्यात तुमच्याकडे गाड्या कमी धावल्या असतील. ह्यात कुणाचा हात वगैरे शोधू नकोस.

आईच्या गोळ्या संपत आल्या असतील तर कळव, इथून पाठवतो. दाजींना पाय शेकायला सांग.

कृपालोभ वाढावा आणि संशय जरा कमी व्हावा, ही विनंती.

तुझा,
भाऊ

---

ता. १७ फेब्रुवारी

चि. भाऊस,
अ. उ. आ.

तू म्हणालास म्हणून आधी मोजणीवाल्याला गाठलं. त्याला आम्ही बोटमोज्या म्हणतो, कारण मोरीवर आठ दिवस स्टुलावर बसून तो गाड्या बोटांवर मोजतो आणि मग वहीत लिहितो. मला खात्री होती की हा दुपारी झोपतो. तो खरंच झोपतो, पण तेवढ्यापुरता बायकोला बसवतो आणि ती त्याच्याहून चोख मोजते. तिची वही आणि तक्ता ताडून पाहिला. एका गाडीचाही फरक नाही.

मग वाटलं, ठेकेदाराचं काम असेल. तो गोडतोंड्या मला कधीच सरळ वाटला नाही. पण त्याचं यंत्र आणि डांबराची भट्टी मोरीजवळच आहे. आपला रस्ता निघाला तर त्याला घरबसल्या काम. तो माझ्याहून जास्त हळहळला, आणि ती हळहळ खरी होती.

राहिले ते सहा गुण. नियम असा आहे म्हणे की दुरवस्थेचे गुण देणाऱ्याने रस्ता चालून पाहायचा. वळणावरच्या शिंप्याला विचारलं. त्याच्या खिडकीसमोरून मांजर गेलं तरी त्याला रंग आठवतो. तीन वर्षांत सरकारी जीप आली नाही, असं तो छातीला हात लावून सांगतो. परीक्षकच आला नाही, तर मार्क कुठून आले? हे गुण देतो कोण, तेवढं नाव मला कळव.

आई आशीर्वाद सांगते. माझेही आहेत, पण उत्तर आल्यावर.

तुझी,
ताई

---

ता. २४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कामाची फार घाई आहे, म्हणून चार ओळीच लिहितो. आईच्या गोळ्या पाठवल्या आहेत, जेवणानंतर द्यायच्या. इकडे उन्हं तापायला लागली. पुलाच्या कामावर दोन माणसं आजारी पडली.

रस्त्याचं म्हणशील तर पुढच्या वर्षी बघू. तू मोजणीवाल्याला आणि ठेकेदाराला विचारत फिरतेस हे ऑफिसात कळलं आहे. माझी बहीण म्हणून त्याचे वेगळे अर्थ निघतात. कृपा करून हे थांबव. मी अडचणीत येईन.

लोभ आहे तसा राहू दे.

तुझा,
भाऊ

---

ता. २ मार्च

चि. भाऊस,
आशीर्वाद.

लहानपणी एखादं गणित येत नसलं की तू तहान लागल्याचं सांगून उठायचास. तुझं मागचं पत्र तसंच होतं. गोळ्या, उन्हं, पूल सगळं लिहिलंस, फक्त विचारलेलं नाव लिहिलं नाहीस.

म्हणून गुरुवारी आईला दवाखान्यात यंत्राला लावल्यावर मी तुझ्या ऑफिसात गेले. तू पुलावर होतास. कारकुनाकडे मूळ तक्ता मागितला. आधी त्याने साहेबांकडे बोट दाखवलं, मग कपाटाकडे, शेवटी कंटाळून काढून दिला. पहिल्या वर्षीच्या तक्त्यात दुरवस्थेच्या रकान्यात आधी अठरा लिहिलेले होते. ते खोडून सहा केलेले. खाली सही तुझी. पुढची दोन्ही वर्षं सरळ सहाच, आणि सही तुझीच.

आता स्पष्ट विचारते. अकराव्या रस्त्यावाल्यांकडून काय घेतलंस? माझं चुकत असेल तर चांगलं खडसावून लिही, मला आनंदच होईल.

आणि एक गोष्ट आईने शपथ घालून लपवायला लावली होती, ती आज सांगते. रुग्णवाहिका मोरीच्या अलीकडे येत नाही. दोनदा तिचा आस तुटल्यावर चालकाने हात जोडले. आईला आठवड्यातून दोनदा लाकडी खुर्चीत बसवून चार माणसं पाऊण तास उचलून मोरीपर्यंत नेतात आणि तसंच परत आणतात. परत येताना ती अर्धमेली झालेली असते. दीड वर्ष हे चाललंय. तुला कळलं तर तू आमच्यासाठी नको ते करशील आणि नोकरी घालवशील, अशी तिला भीती. तिला काय माहीत!

ताई

---

ता. ६ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कुणाकडून काही घेतलेलं नाही. घेतलं असतं तर हे पत्र लिहायला सोपं गेलं असतं.

पहिल्या वर्षी मी खरोखर रस्ता चाललो होतो. तुमच्याकडे न येता, शिंपी उठायच्या आत, मुद्दाम. अठरा गुण दिले. दुपारी बैठकीत साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं की यंदा ताईंच्या दारात डांबर पडणार वाटतं. सगळे हसले. मीही हसलो. टेबलावर येऊन अठराचे सहा केले. दुसऱ्या वर्षी अठरा लिहिले असते तर आधी सहा का, हे सांगावं लागलं असतं. तिसऱ्या वर्षी तर हात आपोआपच गेला. साहेब नव्या लोकांना माझा दाखला देतात, की सख्ख्या बहिणीचा रस्ता ज्याच्या यादीत नाही असा हा माणूस. ताई, ते ऐकायला मला आवडत होतं.

मी येतो तेव्हा मोरीवर उतरून मजेत चालत येतो. गाडी आईला दारातून नेते असं धरून चाललो. एकदाही विचारलं नाही. खुर्चीचं वाचल्यापासून जेवण गेलेलं नाही.

काल साहेबांना सगळं लेखी दिलं. दुसरा इंजिनियर नव्याने पाहणी करील. माझी चौकशी होईल, होऊ दे. पण यंदाची यादी मंजूर झाली आहे, रस्ता आता पुढच्या वर्षीच. खड्डे बुजवणारी टोळी पुलावरून सुटायला दीड महिना आहे.

लोभ मागायला तोंड नाही.

तुझा,
भाऊ

---

ता. ११ मार्च

चि. भाऊस,
अ. उ. आ.

पत्र आईला वाचून दाखवलं. साहेबांचा भाग गाळणार होते, पण गाळला नाही. ती म्हणाली की त्याला काही कळू देऊ नकोस असं तिनेच मला दीड वर्ष बजावलं, तेव्हा निम्मे गुण तिचे कापायला हवेत. तुझ्यावर ती रागावलेली नाही. तू जेवत नाहीस ह्याची मात्र तिने मला तीनदा आठवण दिली. जेव.

मी रागावलेली आहे. तू पैसे घेतले असतेस तर परत कर म्हणून सांगता आलं असतं. तू शाबासकी घेतलीस, ती कुणाला परत करणार? आणि तरीही, तू लबाड निघाला नाहीस हे वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, हेही तुला सांगते. आठ दिवस मी तुला चोर समजत होते.

आता कामाचं. आईने काल जाहीर केलं की महिनाअखेर डायलिसिस बंद. यंत्राचा तिला त्रास नाही. लोकांच्या खांद्यांना आपण भार झालो, हे तिला सोसत नाही. मी समजावलं, ह्यांनी समजावलं, ती ऐकत नाही. खुर्चीला चार माणसं लागतात: हे, शिंपी, गवंडी आणि गवंड्याचा भाऊ. गवंड्याचा भाऊ कामासाठी परगावी गेलाय, म्हणजे तिला आयतं निमित्तच मिळालं.

तेव्हा गुरुवारी चौथा तू. टोळी येईपर्यंत दर मंगळवारी आणि गुरुवारी तूच. सकाळी सहाला निघतो. रजा कशी मिळवायची ते तू बघ. खुर्चीचा डावा मागचा पाय तुझा, तिकडे वजन जास्त येतं. आईला मी काही सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर तुझ्या पाठीला सोसणार नाही म्हणून तिने गुरुवारच रद्द केला असता.

लोभाचं मोरीवर पोचल्यावर बघू.

तुझी,
ताई