फेरीचं पान कोणी मोडलं?

सोमवार, ४ मार्च

सकाळी सगळ्यांची विचारपूस केली. आस्गरची कंबर — साहेब असला तरी दुखतेच! थ्यूराची सर्दी — नाक लाल, जीभ नेहमीसारखी तिखट. बेटावरच्या फेरीबोटीच्या वेळांचं आमचं वेबपान — धडधाकट. माझे गुडघे — कोणी विचारलंच नाही.

थ्यूरा पानाच्या आतलं लिखाण — मजकूर दाखवणारे टॅग, हिशेब करणारी जावा भाषा — वाचून हसतच सुटली. "बोडिल, हे काय गं! ओळभर टॅग, ओळभर जावा, परत टॅग. सफरचंदाच्या केकात हेरिंग मासळी घातलीस की!" म्हटलं, तिकिटाच्या खिडकीत बसून शिकलेय मी, हाताला लागलं ते घातलं. चालतंय ना?

"चालतंय, हीच तर भीती!"

पोरीची उमेदवारी पुढच्या शुक्रवारी संपते. ठेवायचं की नाही ते आस्गर ठरवणार. राहावी बाई. माझी अशी खोडी काढणारं दुसरं कोण आहे इथे?

बुधवार, ६ मार्च

दोघींनी पान आवरायला घेतलं. ठरलं असं — फेरीची वेळ जावाने काढायची, दाखवायची मात्र टॅगने. पण जावाच्या खिशातलं टॅगला दिसत नाही! म्हणून मधे एक ओळ लागते, खिशातली वेळ काढून फळीवर ठेवणारी. फळी रिकामी असली तर टॅग तक्रारही करत नाही. कोरी जागा दाखवतो आणि गप्प.

"अगदी आस्गर!" थ्यूरा म्हणाली. आस्गर मागेच उभा!

गुरुवार, ७ मार्च

आस्गरचेही हात शिवशिवतात म्हणे. "पूर्वी मीही लिहायचो." थ्यूरा — "कशावर, दगडावर?"

सोमवार, ११ मार्च

काल वारा सुटला म्हणून शेवटची फेरी लवकर निघाली. आणि पानावर "शेवटची फेरी" याच्यापुढे कोरं! एक म्हातारं जोडपं धक्क्यावर कुडकुडत बसलं. शेवटी बंदरावरच्या माणसाने त्यांना घरी नेलं.

फळीवर ठेवणारी ती ओळच गायब! परत घातली, वेळ दिसली. पण खोडली कोणी? आम्ही सगळे थेट सर्व्हरवरच फाईल बदलतो, कोणी काय बदललं त्याचा माग राहत नाही. थ्यूराने दिवसभर एकदाही टोमणा मारला नाही. मला ते जास्त लागलं.

आमच्याकडे रीत आहे — पान मोडेल त्याने केक आणायचा. कोणी विचारत नाही, कोणी बोलत नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलावर केक आला की कबुली झाली.

मंगळवार, १२ मार्च

मीच खोडली का? आठवत नाही! असो. माझं काय, पेन्शन दाराशी आलीय. पोरीचं सगळं पुढे आहे. सफरचंदं आणली.

बुधवार, १३ मार्च

केक घेऊन गेले तर टेबलावर आधीच एक! थ्यूराचा, मधे खचलेला.

"तू कशाला?"

"मीच खोडली असणार."

"गप गं. मी खोडली."

"बोडिल, खोटं बोलताना तुझे कान लाल होतात."

"आणि तुझा केक खचतो!"

हसलो दोघी. हसता हसता ती रडली. "मला इथेच राहायचंय गं." तिच्या केकचा तुकडा खाल्ला. कच्चा होता. सगळा खाल्ला.

आस्गर आत आला. दोन्ही केक पाहिले. काहीच न घेता निघून गेला.

शुक्रवार, १५ मार्च

टेबलावर तिसरा केक! बेकरीचा, दोरीसुद्धा न सोडलेला. शेजारी आस्गर, कान माझ्यापेक्षा लाल. "शनिवारी जरा आवरायला बसलो. ती ओळ उगीच वाटली." मग थ्यूराकडे न बघता — "कायम नेमणुकीची मेल पाठवलीय. लवकर उत्तर लिही."