लाभ, मग एक

श्री
बीड, फाल्गुन शुद्ध ६, शके १८५२

तीर्थस्वरूप बायनाअक्का हिस धाकट्या गहिनीनाथचा साष्टांग नमस्कार, वि. वि.

मंगळवारी सकाळी नेहमीसारखी आंघोळ करून पायलीला हळदकुंकू लावले, बाबांचे स्मरण केले आणि मोंढ्यात राधाकिशन शेटजींच्या दुकानापुढे मापाला बसलो. पहिलीच गाडी आली. गाडीवान ओळखीचा नव्हता. त्याची चार पोती ज्वारी मोजून झाली, तेव्हा तो पुढे आला, बायनाअक्कांनी रामराम सांगितला म्हणाला आणि तुझी पुरचुंडी माझ्या हातात ठेवली. मोजणाऱ्या मापाड्याशी बोलू नये, ही रीत तुझ्या या गाडीवान सटवाने इतकी पाळली की ज्वारी तुझी आहे हे मला शेवटच्या पायलीनंतर कळले. लाडू पोचले.

इकडचे काय लिहू? जिनिंगचा भोंगा दिवाळीपासून वाजला नाही. विलायतेत गिरण्या थंडावल्या म्हणतात. तिकडे कापड खपेना म्हणून इकडे कापूस पडून. कापूस पडून म्हणून शेतसारा भरायला जो तो ज्वारी आणतो, आणि सगळ्यांनीच आणली म्हणून तिलाही भाव नाही. एवढा भरलेला मोंढा मी कधी पाहिला नव्हता आणि इतकी उतरलेली तोंडेही नाही. शेटजींनी पाच मापाड्यांपैकी तिघांना घरी बसवले. मी राहिलो.

छबूचा नमस्कार. आशीर्वादाचा हात डोक्यावरून काढू नकोस.

तुझा
गहिनीनाथ

—

लिंबाचीवाडी, फाल्गुन शुद्ध १२

चि. गहिनीनाथ यास अक्काचा उदंड आशीर्वाद.

मैनुद्दीन मास्तरला म्हनलं, मी बोलते तसंच लिवा. तवा शुद्ध-अशुद्ध काडत बसू नको.

लाडू पोचले म्हनून लिवलंस. गोड झालते का न्हाई, ते काहून लिवलं न्हाईस? ल्हानपनी डब्यात हात घालून खायचास आन वर गूळ कमी पडला म्हनायचास. आता लई मोठा मापाडी झालास, अक्काच्या लाडवाला दोन शब्द सुदिक मिळंनात.

आता कामाचं. पोती मी सोता घरी मोजून शिवलती. बत्तीस बत्तीस पायल्या. दुकानची चिठ्ठी आली ती एकतीस एकतीसची. पोत्यामागं एक पायली गेली कुठं? पयलं वाटलं, आपलीच मोजनी चुकली. पर चारी पोत्यांत सारखीच कशी चुकंल? माप तुझ्या हाती व्हतं, म्हंजे तितं खोट न्हाई. बाबांचा हात हाय तुझा. मंग राह्यली वाट. लोक सटवाकडं बोट दावायलेत. चोर असता तर एकाच पोत्यातून काडली असती, असं मी म्हनते. तर म्हंतेत, हुशार चोर हाय.

तू काय ते लिव. तुझ्या शब्दावर हाय समदं. तब्येतीला जप, छबूला सुखी ठेव.

तुझी अक्का

—

बीड, फाल्गुन वद्य २

ती. अक्कास साष्टांग नमस्कार, वि. वि.

पत्र पावले. लाडू फार गोड झाले होते. आधी लिहायचे राहिले, क्षमा कर.

ज्वारीचे म्हणशील तर नवे धान्य वाळते, पोती कुठे कुठे उसवतात, घाटात गाडी हिसके खाते. वाटेचा भरवसा कुणी द्यावा? चार पायल्यांसाठी मनाला लावून घेऊ नकोस. मोंढ्यात गर्दी आहे, जास्त लिहीत नाही.

गहिनीनाथ

—

लिंबाचीवाडी, फाल्गुन वद्य ८

चि. गहिनीनाथ यास अक्काचा आशीर्वाद.

तुझं पत्र मास्तरनं चावडीत वाचलं. मी नगं म्हनत व्हते, पर पाटलानं मागून घेतलं. वाटेचा भरवसा कुनी द्यावा, या शब्दाला पाटील थांबला. म्हनला, मास्तर, ह्ये परत वाचा. दोनदा वाचलं. मंग समदे सटवाकडं बघाय लागले. मापाड्यानं सोता लिवलंय म्हनल्यावर त्यो काय बोलनार?

आदीच माल न्हाई, भाडं न्हाई. व्हतं नव्हतं त्ये बी गेलं. कपिलधारला जाऊन धारंचं पानी हातात घेऊन त्यानं शपथ वाह्यली. लोक म्हनले, पानी वाहून जातंय. त्याची बायकू मनकर्णा समद्या बाया निघून गेल्यावर हिरीवर येती. काल मी मुद्दाम थांबले, तर माझा पोहरा तिनं शेंदून दिला आन घागर उचलून गेली. पाडव्याला पंच बसनार हायेत. त्याला गावातून काडायचं म्हंतेत.

भाऊ हायेस म्हनून इचारते. माप बराबर व्हतं न्हवं? एवढंच लिव. व्हय म्हन, म्हंजे माझा जीव खाली पडंल.

अक्का

—

लिंबाचीवाडी, चावडीसमोरचा पार
चैत्र शुद्ध १, शके १८५३

ती. अक्काच्या पायांवर डोके ठेवून गहिनीनाथचे लिहिणे, वि. वि.

माप बरोबर नव्हते.

बाबा शिकवायचे, पहिल्या पायलीला एक म्हणू नये, लाभ म्हणावे. पहिले माप देवाच्या नावाचे. मग दोन, तीन. माघात तिघांना घरी बसवले त्या दिवशी शेटजींनी मला बाजूला घेतले. धंद्यात आता काही उरले नाही म्हणाले. मग हसून म्हणाले की, गहिनीनाथ, लाभ देवाचा म्हणतोस ना, मग तेवढा देवाच्या नावाने दुकानात राहू दे आणि त्यापुढे एकपासून मोज. नाही म्हणालो असतो तर चौथा मी होतो. दुसऱ्या दिवसापासून मी लाभ म्हणू लागलो, आणि मग एक. पोत्यामागे एक पायली देवाच्या नावाखाली जाऊ लागली. मी रोज पायलीला कुंकू लावतच होतो.

त्या मंगळवारी ज्वारी तुझी आहे हे कळले तेव्हा शेटजी शेजारीच उभे होते. मी तोंड उघडले नाही. सटवाच्या देखत तुझा लाडू मात्र खाल्ला. पुढे बरेच दिवस मनाशी म्हणत होतो की, अक्काची आहे हे ठाऊक असते तर मी असे केलेच नसते. आता त्याचीच अधिक लाज वाटते. परक्याची असती तर चालली असती, असाच त्याचा अर्थ. माघापासून कितीजणांची गेली? त्यांची तोंडे आठवतात, गावे आठवत नाहीत.

आणि वाटेचा भरवसा, ते तर मी शुद्धीत लिहिले. ती ओळ लिहून शाई वाळेपर्यंत बघत बसलो होतो. तुझ्या दुसऱ्या पत्राला उत्तर द्यायला चार वेळा बसलो. व्हय एवढेच लिहायचे होते, ते उमटले नाही.

परवा भर मोंढ्यात उभा राहून मी माझे मोजणे सांगितले. काहींनी शिव्या दिल्या. शेटजी म्हणाले की याला ऊन लागले. दुकानची पायली त्यांच्या ओट्यावर पालथी घालून मी घरी आलो. छबूला सांगितले तेव्हा ती भाकरी थापत होती, थापतच राहिली. मग उठून तिने आमच्या कणगीतून ज्वारी काढून गोणीत भरली आणि खुंटीवरची बाबांची पायली माझ्या हातात दिली.

काल सटवाला कपिलधारला गाठले. तिथे लाकडे फोडत होता. पाया पडायला गेलो तर कुऱ्हाड टाकून मागे सरला. सगळे ऐकून घेतले आणि मग म्हणाला की लाभ आन मंग एक, हे म्या त्याच दिशी ऐकलंतं. मला वाटलं, शेहरात देवाचं नाव असंच घेत असतेल. चावडीत हे का सांगितले नाही, असे मी विचारले. तर म्हणाला की मला कोन इचारतंय बे, तुझं तर लिवलेलं व्हतं. फोडलेली लाकडे रचता रचता म्हणाला की त्यो लाडू तुझ्या गळ्याखाली उतरला कसा, एवढंच सांग.  पुढे दोघे बरोबरच चालत आलो. गोणी मी घेतो म्हणालो, तर अर्ध्या वाटेत त्याने ती माझ्या खांद्यावरून काढून घेतली. माझे चालणे त्याला फार हळू वाटत होते.

हे सगळे तुझ्यापुढे तोंडाने बोलता येईना म्हणून पारावर बसून लिहिले आहे. माझे आधीचे पत्र जिथे वाचले तिथेच, मैनुद्दीन मास्तरांनी, सटवा समोर असताना हे वाचावे. पाटलांना हवे तर दोनदा वाचावे.

पत्राखाली लोक लोभ असावा म्हणून लिहितात. माझ्याकडे तो नको तेवढा झाला. तुझ्याकडे थोडा शिल्लक असेल तर राहू दे. नसेल तर तेही बरोबरच आहे.

पंच जमले आहेत. आत्ताच त्यांच्यासमोर सटवाच्या पंच्यात बाबांच्या पायलीने तुझ्या चार पायल्या मोजून घातल्या. लाभ, दोन, तीन, चार. मोठ्याने मोजल्या. आता हा कागद त्याच्या हाती देतो आहे. मी इथेच चावडीबाहेर उभा आहे.

गहिनीनाथ