पट काढल्यावर

३ फेब्रुवारी

मॉस्कोहून पुन्हा फोन. भाचा तागिर पिंजऱ्यातल्या ठोसे-कुस्तीच्या लढतीला उतरणार की नाही, महिनाअखेर सांगा म्हणतात. खासाव्युर्टच्या आमच्या या गळक्या तालमीतून आजवर कोणी गेलेलं नाही. शेजारच्या तालमीतून दोघं गेले, आणि तेव्हापासून तिथला वस्ताद मला सलाम करताना हनुवटी जरा वरच ठेवतो.

मी म्हटलं, भाच्यानं आधी माझा पट काढावा, मांड्या धरून मला पाडावं, मग जावं. मी अठ्ठेचाळीसचा. गुडघे माझ्याहून वडील. फार मागितलंय असं नाही!

५ फेब्रुवारी

नाही निघाला. झेप झकास घेतो, दोन्ही मांड्यांना मिठी घालतो — आणि तिथेच थांबतो. मी बगलेत हात घालून ओढलं, तर आला वर. मान खाली.

मग मी भाषण ठोकलं. डोकं खाली सोडू नकोस, पिंजऱ्यातला माणूस गळा आवळेल. मिठी बसली की पाय थांबवू नकोस, चालत राहा. सगळं बरोबर बोललो. बरोबर बोलण्यात माझा हात कोण धरणार?

९ फेब्रुवारी

दुसरी खोड. बाकीच्यांचे पट सुरेख काढतो, आणि पाडलं की लगेच उठून हात पुढे करतो! पंचाच्या शिट्टीची सवय. सांगितलं, तिथं शिट्टी नाही. पाडलास की छातीवर बस आणि ठोस. "बरं, मामा," म्हणाला. तो नेहमीच "बरं, मामा" म्हणतो.

१२ फेब्रुवारी

नाही निघाला.

१४ फेब्रुवारी

बहिणीकडे जेवलो. शुमैसातला म्हटलं, तुझा मुलगा कच्चा आहे, पण मी पक्का करीन. तिनं माझ्या ताटातल्या उकडलेल्या खिंकालवर लसूण डोळ्यांतून पाणी येईल इतका ओतला.

१८ फेब्रुवारी

बल्गेरियाचा एक पाहुणा सरावाला आलाय — प्लामेन. आत आला तो कोणाशी हात न मिळवताच. वडीलधाऱ्यांशीसुद्धा नाही. म्हटलं, बघू बेट्याचं पाणी. पट कसा रोखायचा ते पोरांना दाखवायला त्यालाच बोलावला. त्यानं खुणेनं विचारलं, पूर्ण जोर? मी म्हटलं, पूर्ण.

पुढचं दिसलं ते छत. कुठे कुठे गळतंय ते नीट बघून झालं.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं होतं. कोणाला नवलही वाटलं नाही!

१९ फेब्रुवारी

आमच्या गावात पिकल्या दाढीच्या माणसाला चारचौघांत कोणी पाडत नाही. हे मला माहीत नव्हतं थोडंच? पण वर्षानुवर्षं ही पोरं मला उभं ठेवतायत, आणि मी समजत होतो की मीच उभा आहे. ज्या तराजूला सगळ्यांनी खालून हात लावलाय, त्यावर मी माणसं तोलत होतो.

म्हणजे तागिर तयार आहे. कधीचाच.

२१ फेब्रुवारी

सगळ्यांना कडेला बसवलं. तागिरला म्हटलं, काढ. खरा काढ.

"मामा, लोकांसमोर नको."

"लोकांसमोरच."

पाय जमिनीवरून कधी सुटले कळलं नाही. टेकलो तेव्हा डोक्याखाली त्याचा तळहात होता. म्हटलं, आता ठोसा दाखव. त्यानं मूठ वळली. बराच वेळ तशीच धरली. मग उघडली आणि मला उठवलं.

मामाला कसा मारेल? एवढा मान ठेवणारा भाचा कोणाला मिळतो! सगळ्यांसमोर जाहीर केलं — तयार आहे. उद्या मॉस्कोला कळवतो.

२२ फेब्रुवारी

सकाळी शुमैसात तालमीच्या दारात. बायका आत येत नाहीत, उंबऱ्याबाहेरूनच बोलली.

"पडलेल्या माणसाला मारायचं नाहीये त्याला, दादा. तुला नाही कसं म्हणणार? म्हणून तुझ्या पायाशी थांबत होता."

मॉस्कोला फोन केला. वस्ताद म्हणून शब्द दिला — पोरगा अजून कच्चा आहे.