दोघींचा रिपोर्ट

प्रिय धाकटे,

बाबांचा थरथरीचा आजार आपल्यात उतरलाय का, हे तुला कळूनच घ्यायचं नव्हतं. "तुला तपासायचं तर तपास, मला त्यात ओढू नकोस," असं तू बजावलंस. मी एकटीच रक्त देऊन आले.

आज रिपोर्ट देताना डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "हुबेहूब जुळ्या ना तुम्ही?" तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. आपली जनुकं एकच, म्हणजे रिपोर्टही दोघींचा. आजार आपल्यातही उतरलाय गं.

संध्याकाळी तुझा फोन आला आणि मी "सगळं ठीक आहे" म्हणून बसले. तू हसलीस. "मग मीही सुटले की. आता मूल होऊ देते."

खरं सांगायला जीभ रेटत नाही. हे पत्रही पाठवणार नाही. मघापासून तू बाळासाठी नावं पाठवतेयस. पहिलं बाबांचं आहे.

तुझी,
मिनिटभराने मोठी ताई